पाचवी मुलगी

दरवर्षी नव्या मुली ग्राउंडवर आल्या की मी एक काटकी घेते आणि मातीत आकडे काढते. क्रॉस कंट्रीत, म्हणजे माळावरून-चढउतारावरून पळायच्या लांब शर्यतीत, गुणांचा हिशोब उलटा असतो. पहिली आली तिला 1, दहावी आली तिला 10. टीममधल्या मुलींचे नंबर मिळवायचे, ज्यांची बेरीज सगळ्यात कमी ती टीम जिंकली. अमेरिकेत कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका टीमच्या सात जणी पळतात आणि त्यातल्या पहिल्या पाच जणींचे नंबर धरतात. एवढं समजावून झालं की प्रश्न ठरलेला असतो, "पण मॅडम, पहिली आली तिला काय मिळतं?"

मग मी त्यांना अमेरिकेतल्या कोच दिलजीत टेलर यांच्याबद्दल सांगते. आमची कधी भेट झालेली नाही, होण्याची शक्यताही नाही, पण मनात मी त्यांना दिलजीतताईच म्हणते.

आईवडील पंजाबातून गेलेले, त्या वाढल्या कॅलिफोर्नियात. स्टॅनिस्लॉस नावाच्या तिथल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत पळाल्या, पुढे तिथेच कोच झाल्या. 2016 मध्ये युटा राज्यातल्या प्रोव्हो गावी, ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत, मुलींच्या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या कोच म्हणून गेल्या. त्या युनिव्हर्सिटीच्या मुलींनी 1997 ते 2002 या काळात चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलं होतं, नंतर मात्र हाती काही लागलं नव्हतं. 2019 मध्ये त्यांची टीम आर्कान्सासकडून फक्त 6 गुणांनी हरली. पुढचा हंगाम कोरोनामुळे लांबत लांबत मार्च 2021 पर्यंत गेला आणि ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला 96 गुणांत त्या जिंकल्या.

मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांची व्हिटनी ऑर्टन अख्ख्या अमेरिकेत पहिली आली. वैयक्तिक विजेतेपद! आणि टीम? दुसरी. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीचे 84, यांचे 122. मग 2024 मध्ये मॅडिसनला वैयक्तिक पहिला नंबर अलाबामाच्या डोरिस लेमन्गोलेचा आणि टीमचं विजेतेपद दिलजीतताईंच्या मुलींचं, 147 गुणांत. 147 ला 5 ने भागून बघा. साधारण तिसावा नंबर आणणाऱ्या पाच मुलींनी देश जिंकला!

हा आकडा मी मातीत काढते तेव्हा मुली गप्प होतात. मागच्या रांगेतल्या, ज्यांना कुणी कधी विचारत नाही, त्या पुढे सरकून बघायला लागतात.

नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या लॉरी हेन्स यांचंही तसंच. 1991 मध्ये त्या स्वतः 10,000 मीटरच्या कॉलेज चॅम्पियन होत्या. पुढे आपल्याच युनिव्हर्सिटीत कोच झाल्या, आणि मुलींच्या टीमचं त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं 2021 ला. स्वतः जिंकल्यानंतर 30 वर्षांनी. ते धरून सलग तीन घेतली. त्यातलं 2023 चं 123 विरुद्ध 124. एका गुणाने! त्या दिवशी त्यांच्या पाचवीने शेवटच्या चढावर कुणा एकीला वाट दिली असती तर सगळं संपलं होतं.

म्हणून मला मनापासून वाटतं की कोचचं काम बघायचं तर तिच्या पाचव्या मुलीकडे बघावं. पहिली मुलगी देवाची देणगी असते, ती तुमच्याकडे नसती आली तरी कुठेतरी चमकलीच असती. पाचवीला घडवावं लागतं. आणि तिला घडवायला वेळ लागतो, तीन-चार वर्षं सलग एकाच माणसाचं लक्ष लागतं.

लक्ष म्हणजे काय ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी आली. आधीच्या ठिकाणी तिला "वजन उतरव, मग टायमिंग येईल" एवढंच सांगितलेलं. एका सकाळी तिसऱ्या राउंडला ती लंगडली. मी तिला कट्ट्यावर बसवलं, नडगीवर अंगठ्याने हळूहळू दाबत खाली आले. एका जागी, रुपयाएवढ्या, ती कळवळली. सगळी नडगी दुखत असेल तर गोष्ट वेगळी, पण असं एकाच ठिकाणी बोट ठेवता येत असेल तर मला धडकी भरते. तिला हळूच विचारलं, "पाळी कधी आली होती?" ती म्हणाली, "सात महिने झाले मॅडम. बरंच आहे ना, पळायला अडचण नाही."

हाडाला बारीक चीर होती. पहाटे चहा-खारी खाऊन ती आठ किलोमीटर पळायची, दुपारी डब्यात दीड पोळी. जेवढी ताकद शरीर खर्च करतं तेवढं अन्न पोटात गेलं नाही, तर शरीर एकेक खातं बंद करत जातं. आधी पाळी, मग हाडं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला नाव दिलं, त्यावर सविस्तर लिहिलं. आमच्या मुली तर हे आईशीसुद्धा बोलत नाहीत. कोचशी बोलतील का? कोच बाई असो वा पुरुष, हा प्रश्न न लाजता विचारता यायलाच हवा. त्या मुलीला मी तीन महिने पळू दिलं नाही. रोज सकाळी ग्राउंडवर यायचं, शेंगदाण्याचा लाडू आणि दोन अंडी माझ्यासमोर खायची, इतरांचं टायमिंग लिहायचं. पुढच्या वर्षी ती माझी चौथी मुलगी होती.

आणखी एक गोष्ट मला दिलजीतताईंच्या टीमकडे बघून कळली. त्यांची युनिव्हर्सिटी चर्चची. तिथल्या बऱ्याच मुली शिक्षण मध्येच थांबवून दीड वर्ष धर्मकार्याला जातात आणि परत येऊन पळतात. काहींची लग्नं कॉलेजातच होतात. 2024 च्या त्या विजेत्या टीममधली लेक्सी हॅलाडे-लोरी लग्नानंतरचं आडनाव लावून पळत होती. तिथे लग्न झालं म्हणून धावणं सुटत नाही.

आमच्याकडे? साखरपुडा झाला की मुलगी दुसऱ्या दिवसापासून ग्राउंडवर दिसत नाही. नाहीतर पोलीस भरती. भरतीला मुलींना 800 मीटर असतं, म्हणून घरचे सांगतात, मॅडम, हिला 800 चीच तयारी द्या, ते लांबचं नको. मी त्यांना दोष देत नाही, नोकरी लागली की घर उभं राहतं. पण ज्या मुलीच्या फुप्फुसांत 10,000 मीटर आहे तिला 800 वर थांबवताना माझ्या पोटात तुटतं.

आणि कोचचं तरी काय? मी ज्या कॉलेजात आधी होते तिथे अकरा महिन्यांच्या मानधनावर होते. दर मे महिन्यात घरी. पहिल्या वर्षाची मुलगी तिसऱ्या वर्षाला जाईपर्यंत मी तिथे असेन याची खात्री मला स्वतःला नसायची, मग तिला काय सांगणार? वार्षिक अहवालात फोटो यायचा तो मेडल आणणाऱ्या एकीचा. टीम पाचवी आली की सहावी, याची ओळही नसायची. माझं मागणं साधं आहे. कॉलेजांनी क्रीडा शिक्षकाची जागा कायम भरावी आणि त्या माणसाला एका बॅचबरोबर निदान तीन वर्षं राहू द्यावं.

हे अशक्य नाही, हे आपल्याच नाशिकने दाखवलंय. सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं ब्रॉन्झ आणि त्याच वर्षी ग्वांगझू एशियाडमध्ये सिल्व्हर घेऊन आली, तेव्हा तिच्यामागे विजेंदर सिंग सरांची वर्षानुवर्षांची सकाळ होती. ज्याला त्याला कविता आठवते. मला तिच्याबरोबर त्याच ग्राउंडवर राउंड मारणाऱ्या बाकीच्या मुलीही आठवतात.

गेल्या डिसेंबरात माझ्या पाचव्या मुलीचं लग्न झालं. जाताना कॉलेजचे स्पाइक्स धुऊन, कागदात गुंडाळून परत देऊन गेली. ते मी दुसऱ्या कुणाला दिले नाहीत. मागच्या रविवारी तिच्या सासरी जाऊन आले. सासूबाईंनी चहा केला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना त्यांनीच विचारलं, "किती वाजता असतं हो तुमचं ते?"

साडेपाचला, म्हटलं. सोमवारपासून तिचा नवरा तिला गाडीवर सोडून पुढे कंपनीत जातो.