भुतं आपली घ्या, आणि पिक्चर दहाच्या आत संपवा

ऑक्टोबर संपत आला की ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हॅलोविनची टूम निघते: हॉरर ट्रेझर हंट करू, शेवटी पोडियमवर (पार्किंगच्या छतावरच्या मोकळ्या जागेत) पिक्चर लावू. कल्पना झकास आहे. पण निम्मी वर्गणी प्लॅस्टिकचे भोपळे आणि कापसाच्या जाळ्यांवर जाते, आणि कोडी म्हणून इंटरनेटवरून उतरवलेली चार यमकं उरतात.

माझं मत सरळ आहे. भुतं मराठी घ्या. अस्मितेचा प्रश्न नाही हो. आपल्या प्रत्येक भुताला स्वतःचा नियम आहे, आणि नियम असला की कोडं फुकटात मिळतं. भोपळ्यातून कोडं कसं काढणार?

हडळीची पावलं उलटी. बेसमेंटच्या भिंतीकडेनं रांगोळीचे ठसे काढा; बोटांच्या दिशेनं जाणारा गट रिकाम्या खांबापाशी पोचतो, टाचेच्या दिशेनं जाणाऱ्याला चिठ्ठी सापडते. गाड्यांच्या रॅम्पवर मात्र एकही ठसा नको. मुंजा पिंपळाखाली, सोडमुंज (मुंजीची मेखला सोडण्याचा विधी) व्हायच्या आधीच गेलेला मुलगा. तिथे सुतळीच्या पंधरा-वीस गाठींत बांधलेली पुरचुंडी ठेवा; कात्री नाही, दातही नाहीत, गाठी सोडवायच्या. गिऱ्हा पाण्यातला, म्हणून काहींना स्विमिंग पूल सुचतो. रात्री पूल अजिबात नको. काळ्या टबात बर्फाचं पाणी, तळाशी दहा किल्ल्या आणि त्यातली एकच कुलपाला लागणारी, एवढं पुरे.

चकवा, म्हणजे वाट चुकवून गोल फिरवणारं भूत, सगळ्यात सुंदर. 'प्रत्येक खांबाला डावीकडे वळा' अशी सूचना दिली की चार वळणांत माणूस होता तिथेच येतो. जुने लोक सांगायचे, चकवा लागला की चालू नये, बसून राहावं. जो गट खाली बसून दोन मिनिटं गप्प राहील, त्याच्यासाठी लपलेला स्वयंसेवक चिठ्ठीवरचा दिवा लावतो. आणि हाकामारी, जिच्या हाकेला ओ द्यायची नसते. खेळाडूंच्या नावांची यादी आधी घेऊन ठेवा, अंधारातून एकेकाला नावानं हाक मारा. ओ दिली की गटाला दोन मिनिटं दंड. खर्च शून्य, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच टरकतात.

खांबामागून 'भॉ' करून अंगावर येणं पूर्ण बंद. दचकलेला माणूस मागे उडी मारतो, मागे जिना असतो. खरं लिंबू-मिरची, हळद-कुंकू, उतारा हेही नको. सकाळी सफाईवाल्या मावशी त्याला हात लावत नाहीत आणि मग सेक्रेटरींचा फोन वाजत राहतो. सोसायटीत खरोखर झालेल्या मृत्यूवर कोडं रचणं तर निव्वळ हीनपणा. आणि कुणी 'येऊरला जाऊ या' म्हणालं तर तिथेच थांबवा. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबटे खरे आहेत.

आता हिशोब. पाच गट, प्रत्येकी पाच जण. सहावा-सातवा नुसता मागून चालतो. पाच जागा, पण प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या जागेवरून: पहिला 1-2-3-4-5, दुसरा 2-3-4-5-1, असं. एकाच क्रमानं सगळ्यांना सोडलंत तर दुसऱ्या जागेपासून मिरवणूक सुरू होते. प्रत्येक जागेला दहा मिनिटं, चार मिनिटं अडून राहिले तर संकेत आणि दोन मिनिटं दंड. चालण्याचे धरून सव्वा तास लागतो.

चिठ्ठ्या कागदावरच. क्यूआर कोड आणि व्हॉट्सॲपवरचे संकेत बेसमेंटमध्ये मरतात, कारण रेंज नसते. लॅमिनेशन करू नका, टॉर्चचा प्रकाश थेट डोळ्यांत परततो. यूव्ही शाईनं (फक्त यूव्ही टॉर्चखाली दिसणाऱ्या) लिहायचं असेल तर खाकी कागद घ्या. पांढऱ्याशुभ्र कागदातली चकाकी आणणारी द्रव्यं स्वतःच निळी चमकतात आणि अक्षर बुडतं. धुराचं मशीन लॉबीत लावलंत तर स्मोक डिटेक्टर ओरडणार. ड्राय आइस बेसमेंटमध्ये नकोच, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. वॉचमनना वेळ आणि स्वयंसेवकांची नावं लेखी द्या, नाहीतर सीसीटीव्हीत मुखवटा दिसला की कुणीतरी पोलिसांना फोन करतं.

शेवट पिक्चरशी जोडायचा तर एक युक्ती. पडदा कुठे आहे हे कोडं ठेवू नका. संध्याकाळी पाचला वायरी ओढताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याऐवजी प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल लपवा. प्रत्येक जागी एक अक्षर: झो, पा, ळ्या, मा, गे. मुलांच्या बागेतल्या झोपाळ्यामागे पेटी, पेटीत केबल. ती आल्याशिवाय पिक्चर नाही. (दुसरी केबल संयोजकांच्या खिशात.)

वेळ उलटी मोजा. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि दहाच्या आतही लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. म्हणून 6:45 ला हंट, आठला वडापाव, 8:20 ला पिक्चर. पडद्याजवळ एक मोठा भोंगा लावण्यापेक्षा प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे स्पीकर हळू ठेवा, आणि तेही वायरनं; ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे पडतो. दहा फूट रुंद, साडेपाच फूट उंच पडद्याला खरे 3000 एएनएसआय लुमेन (प्रमाणित पद्धतीनं मोजलेला प्रकाश) भरपूर. खोक्यावर नुसतं '9000 लुमेन' छापलेल्या स्वस्त खेळण्यावर जाऊ नका. गच्चीवर पडद्याचं शीड होतं, पोडियम बरा. पडद्याच्या खालच्या कडेत लोखंडी पाइप घाला आणि पोडियमचे दिवे विझवून वाटेवरचे तेवढे ठेवा.

ओटीटीचं खातं घरगुती वापरासाठी असतं. शिवाय बऱ्याच प्रोजेक्टरवर त्याचा आवाज येतो आणि चित्र काळं राहतं, कॉपी-संरक्षणामुळे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, त्यामुळे जुन्यात शोधा. 1949 चा 'महल' मोहात पाडतो, पण अडीच तासांहून लांब आहे, दहाच्या आत बसत नाही. 1959 चा 'हाउस ऑन हॉन्टेड हिल' सव्वा तासाचा, म्हणजे 9:35 ला संपतो. इंग्रजी आहे, तेव्हा सबटायटलची फाइल त्याच प्रोजेक्टरवर आदल्या रात्री लावून बघा.