उस्तादांसमोर भरलेला फॉर्म

महाड-चिपळूणकडे सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या वाढल्या, तसा एक वादही वाढला: मुलांकडून अभिप्राय घ्यावा का? पालक म्हणतात, फी भरतो, मग विचारा. माजी सैनिक म्हणतात, फौज म्हणजे हॉटेल नव्हे. पोरांना विचाराल तर ती पहाटेची धावच बंद करायला सांगतील.

ब्रिटनमध्ये राहून ही भीती पटत नाही. इथल्या डीपकट बराकीत १९९५ ते २००२ दरम्यान चार प्रशिक्षणार्थी गोळी लागून गेले. त्यानंतर सरकारने बाहेरचे तपासनीस आणले. आज शाळा तपासणारं ऑफस्टेडच सैन्याचं प्राथमिक प्रशिक्षणही तपासतं. धाव काही बंद झाली नाही.

पालकांनीही हुरळून जाऊ नये म्हणा. इथल्याच हॅरोगेटच्या लष्करी कॉलेजला २०२१ मध्ये ऑफस्टेडचा 'उत्कृष्ट' शेरा मिळाला आणि २०२३ मध्ये तिथल्याच एका प्रशिक्षकाला प्रशिक्षणार्थींशी केलेल्या लैंगिक गैरवर्तनाबद्दल शिक्षा झाली.

सेवेचा दर्जा मोजणारी 'सर्व्हक्वाल' ही १९८८ची पद्धत २२ मुद्द्यांवर आधी अपेक्षा विचारते, मग अनुभव, आणि दोन्हींतला फरक काढते. अकादमीत अपेक्षा पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी. शेवटी विचारली तर निवड झालेला मुलगा सगळंच गोड मानतो.

कष्ट किती, हा प्रश्नच नको. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावलं तर ६० गुण, दहा पुलअप्सना ४०. मग विचारायचं ते असं: दर आठवड्याला वेळ घड्याळावर मोजून लिहून देतात, की नुसतं 'अजून जोर लाव'? जुलैत मैदानाचा चिखल झाला की धाव डांबरी रस्त्यावर जाते, बूट ओलेच राहतात, नडगी ठणकते. तेव्हा मुलगा सांगतो कुणाला? विश्रांती मिळते, की 'नाटकं करतो' असा शिक्का? माझ्या मते दर्जा खरा इथेच कळतो. नव्या इमारतीला आणि झेंड्याच्या खांबाला गुण देण्यात अर्थ नाही.

फॉर्म चौथ्या आठवड्यात द्यावा, निरोपाच्या दिवशी नको. वाटणारा आणि गोळा करणारा उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, नसावा, नाहीतर सगळीकडे पाचपैकी पाच. छोट्या तुकडीत अक्षरावरूनही मुलगा ओळखू येतो, म्हणून फक्त खुणेचे चौकोन ठेवावेत. आणि मध्येच सोडून गेलेल्यांना बाहेरच्या माणसाने फोन करावा. त्यांचा फॉर्म कुठल्याच फाइलीत नसतो.