फोटॉनचे वस्तुमान शून्यच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फोटॉनचे, म्हणजे प्रकाशाच्या कणाचे, वस्तुमान शून्य असते या विधानावर आपले तीन आक्षेप आहेत: ऊर्जा आहे तिथे ‘ई = एमसी²’ नुसार वस्तुमान असलेच पाहिजे; सूर्याजवळून जाताना प्रकाश वळतो, म्हणजे गुरुत्वाकर्षण त्याला ओढते, तेव्हा त्याला वस्तुमान असणारच; आणि फोटॉनचे वस्तुमान शून्य असल्याचे कोणीही मोजून दाखवलेले नाही. पहिले दोन मला मान्य नाहीत, तिसरा मात्र खरोखर मोलाचा आहे.

ते प्रसिद्ध समीकरण स्थिर वस्तूपुरते आहे. पूर्ण समीकरणात संवेगाचाही वाटा असतो, आणि कधीच स्थिर नसलेल्या फोटॉनची सगळी ऊर्जा त्या वाट्यातूनच येते. प्रकाशाचे वळणे न्यूटनच्या हिशेबाने ०.८७ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) यायला हवे, तर आइन्स्टाइनच्या हिशेबाने १.७५; १९१९ च्या खग्रास ग्रहणातील निरीक्षणांनी आइन्स्टाइनच्या बाजूने कौल दिला. अवकाशकालच (अवकाश आणि काळ यांची एकत्रित चौकट) वक्र असल्यामुळे वस्तुमान नसलेला कणही वळतो.

आता तिसरा आक्षेप. नेमके शून्य कोणालाही मोजता येत नाही, कमाल मर्यादा तेवढी ठरवता येते. फोटॉनला अत्यल्प वस्तुमान असते, तर कमी वारंवारतेच्या लहरी किंचित मंद धावल्या असत्या. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरच्या क्रॅब पल्सारकडून (पल्सार म्हणजे वेगाने फिरत ठरावीक अंतराने लहरींचे स्पंद पाठवणारा मृत तारा) येणारे ४०० मेगाहर्ट्झचे स्पंद दृश्य प्रकाशाच्या साधारण दीड सेकंद मागे पडतात, आणि असा उशीर पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर पल्सार पाहणाऱ्यांना नेहमीच दुरुस्त करून घ्यावा लागतो. तो वाटेतल्या मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे होतो. पंचाईत अशी की वस्तुमानामुळे होणारा उशीरही वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातच असेल, त्यामुळे एकाच पल्सारवरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. तरीही सगळा उशीर वस्तुमानाच्याच माथी मारला, तर ते १० चा उणे ४७वा घात इतके किलोग्रॅम भरते. इलेक्ट्रॉनसाठी हाच घात उणे ३१ च्या घरात आहे.

याहून कडक मर्यादा चुंबकीय क्षेत्रांवरून मिळते, कारण फोटॉनला वस्तुमान असल्यास ही क्षेत्रे अंतरानुसार अपेक्षेपेक्षा लवकर क्षीण होतील. पायोनियर १० यानाने १९७३ मध्ये मोजलेले गुरूचे क्षेत्र आणि पुढे सौरवाऱ्याचा (सूर्याकडून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताचा) अभ्यास यांवरून ही मर्यादा उणे ५४व्या घातापर्यंत खाली आली आहे. एवढ्या वस्तुमानाचा परिणाम सूर्य-पृथ्वी अंतराएवढ्या टप्प्यावरच ठळक होईल. प्रयोगशाळेच्या चार भिंतींत तो हाती लागणे म्हणूनच इतके कठीण आहे.