पेटंट चाललं नाही, मग कंपन्यांनी नळ आवळला

स्पेनमध्ये कंपनीनेच विकलेलं अस्सल औषध ब्रिटनमध्ये नेऊन विकलं तर ती तस्करी नाही, तिला समांतर आयात म्हणतात. औषधांचे दर देशागणिक वेगळे असले की मधला फरक खिशात घालणारे व्यापारी उभे राहणारच. १९७४ मध्ये सेंट्राफार्म या आयातदार कंपनीच्या खटल्यात युरोपियन न्यायालयाने सांगून टाकलं: युरोपीय समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाच्या) एका सदस्य देशात माल स्वतःहून विकलात ना, मग पेटंट दाखवून तो दुसऱ्या देशात अडवायचा नाही.

त्यानंतर कंपन्यांनी जे जे केलं ते पाहिलं की मला त्यात एकच धडा गिरवलेला दिसतो. सीमेवर माल अडवता येत नसेल, तर तो मुळातच मोजून सोडायचा.

बायरचा किस्सा माझा सगळ्यात आवडता. अडालाट हे हृदयविकार आणि रक्तदाबावरचं औषध. फ्रान्स-स्पेनमधला भाव ब्रिटनपेक्षा सुमारे ४० टक्के कमी. १९८९ ते १९९३ या काळात बायरच्या ब्रिटिश शाखेची अडालाटची विक्री जवळजवळ निम्म्यावर आली. मग बायरने फ्रेंच आणि स्पॅनिश घाऊक विक्रेत्यांना त्यांच्या नेहमीच्या खपाएवढाच माल द्यायला सुरुवात केली. विक्रेतेही काही कमी नव्हते! ऑर्डरी वेगवेगळ्या शाखांमधून फोडून टाकल्या, देशातलीच मागणी वाढलीय असंही सांगून पाहिलं. बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या युरोपियन आयोगाने बायरला दंड ठोकला, पण तो कोर्टात टिकला नाही. अंतिम निकाल २००४ चा. दंडासाठी कंपनी आणि विक्रेत्यांमध्ये संगनमत हवं, आणि विक्रेते तर कंपनीला चकवायला धडपडत होते, मग संगनमत कसलं? विक्रेत्यांच्या चलाखीनेच बायर सुटली म्हणायची.

ग्लॅक्सो या ब्रिटिश औषध कंपनीने १९९८ मध्ये स्पेनमध्ये देशातल्या खपासाठी एक आणि निर्यातीसाठी जास्तीचा, असे दोन भाव लावले. आयोगाने मोडता घातला. पुढे २००० मध्ये त्यांच्या ग्रीक शाखेने घाऊक विक्रेत्यांचा पुरवठाच थांबवला. २००८ चा निकाल असा: बाजारावर पकड असलेल्या कंपनीने नेहमीच्या ऑर्डरी नाकारायच्या नाहीत, अवाच्या सवा ऑर्डरी मात्र नाकारता येतील. थोडक्यात, नळ बंद नको, धार बारीक चालेल.

अ‍ॅस्ट्राझेनेकाने तर औषधाचं रूपच बदललं. लोसेक या अ‍ॅसिडिटीवरच्या औषधाच्या कॅप्सूलऐवजी गोळ्या आणल्या आणि डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमध्ये कॅप्सूलची नोंदणी स्वतःहून रद्द करून घेतली. आयातदाराचा परवाना त्याच नोंदणीला टेकलेला, त्यामुळे तोही लटकला. यात आणि पेटंटच्या दुसऱ्या एका भानगडीत मिळून ६ कोटी युरोंचा दंड झाला. डेन्मार्क आणि नॉर्वेबाबतचा आरोप सिद्ध न झाल्याने तो पुढे ५.२५ कोटींवर आला.

आयातदारांना संत ठरवायचं कारण नाही. भावातला बराचसा फरक त्यांच्याच गल्ल्यात जातो. पण 'रुग्णांची सुरक्षितता' हे कंपन्यांचं पालुपदही मला पटत नाही. माल त्यांच्याच कारखान्यातला. वर नवं लेबल, आत त्या देशाच्या भाषेतलं माहितीपत्रक, कधी तिथल्या पॅकच्या हिशेबात बसावी म्हणून कापलेली स्ट्रिप, आणि हे सगळं नियमांत बसवून.

खरी झळ लागते ती स्वस्त देशातल्या रुग्णाला. कंपनी माल मोजून पाठवणार, आणि त्यातलाही काही व्यापारी बाहेर काढणार. म्हणूनच ग्रीसचं सरकार टंचाई असलेल्या औषधांच्या निर्यातीवर अधूनमधून तात्पुरती बंदी घालतं.