‘प्राणायाम करा, नवरा सुधारेल’ या फॉरवर्डला उत्तर

भिशीच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे एक फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात असा की घरात मारहाण होत असेल तर पोलीस-कोर्ट करून संसार मोडू नका, रोज पहाटे अनुलोम-विलोम आणि ध्यान करा, तुम्ही शांत झालात की घरातली एनर्जी बदलते आणि नवराही बदलतो, पतंजलींनीच हे सांगितलंय, परदेशी संशोधनात योगाने अर्ध्या बायका बऱ्या झाल्यात, आणि कोर्टात काय, नुसती वर्षं जातात. मी स्वतः योगा शिकवते म्हणून जरा जास्तच चिडलेय, कारण यात थोडं खरं मिसळलंय आणि तेवढ्यावरच बाकीचं खपून जातं.

पहिलं म्हणजे ‘तुम्ही शांत झालात की तो शांत होतो’. म्हणजे मार खायचं कारण तिचीच अशांती? कारणं तर रोज नवी असतात हो, भाजीत मीठ जास्त झालं, माहेरी फोन केला, पगार हातात दिला नाही. हाच माणूस ऑफिसात साहेबासमोर कितीही डोकं फिरलं तरी हात बरोब्बर आवरतो, तिथे कोण प्राणायाम करत असतं? मारलं की धाक बसतो आणि आपलंच चालतं, म्हणून तो मारतो. आणि गप्प बसायला आपल्या बायकांना शिकवायची गरजच नाहीये. एनएफएचएस-5 या सरकारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी 29.3 टक्के जणींनी नवऱ्याने शारीरिक किंवा लैंगिक हिंसा केल्याचं सांगितलं, आणि हिंसा सोसलेल्या बायकांमध्ये कुठेतरी मदत मागितलेल्या फक्त 14 टक्के, 77 टक्के जणींनी तर कुणाला सांगितलंही नव्हतं.

आता पतंजली. सूत्र आहे, खोटं नाही, त्यांच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या भागातलं, साधनपादातलं 35 वं, ‘अहिंसाप्रतिष्ठायां तत्सन्निधौ वैरत्यागः’. अहिंसा पुरती मुरलेल्या योग्याजवळ वैर गळून पडतं असं ते सांगतं. पण दोनच सूत्रं पुढे असंही आहे की अस्तेय म्हणजे चोरी न करणं मुरलं की सगळी रत्नं समोर येऊन उभी राहतात, मग हा फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी एसआयपी बंद केली का? शिवाय अहिंसा हा पहिला यम, म्हणजे वागण्याचा नियम, आसन-प्राणायामाच्याही आधीचा, म्हणजे अष्टांगयोगाची पहिलीच पायरी ज्याने चुकवलीये तो घरात हात उगारणारा आहे. त्याच्यासाठी अख्ख्या फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.

संशोधनाचं म्हणाल तर तो अभ्यास बहुतेक 2014 चा, अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांचा. 64 बायका, सगळ्यांना उपचारांना दाद न देणारा जुना पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार), 10 आठवडे, आठवड्याला एक तास. शेवटी योगा गटातल्या 52 टक्के जणी पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हत्या, दुसऱ्या गटात 21 टक्के. छोटा अभ्यास आहे पण निकाल चांगलाच आहे, मी नाकारत नाही. फक्त तिथे योगा हा पूरक उपचार होता, बाकीच्या उपचारांच्या जागी नव्हता, आणि कुणाचा नवरा सुधारला का हे त्यात मोजलेलंच नाही.

शिवाय तो योगा आपल्या क्लाससारखा नव्हता, आणि खरी गोम इथेच आहे. वर्षानुवर्षं जिन्यावरच्या पावलांवरून आज काय होणार याचा अंदाज घेत जगलेल्या बाईचे खांदे वर चढलेले असतात, जबडा आवळलेला, श्वास छातीतच अडकलेला, आणि आपल्या अंगाचं काय करायचं हे कायम दुसऱ्याने ठरवलेलं. तिला उपयोग होतो तो ‘हात वर घ्यावासा वाटला तर घ्या, नको असेल तर राहू द्या’ एवढ्याने, कारण ठरवणारी ती असते. याउलट दिवे बंद, डोळे मिटा, शवासन, आणि मागून येऊन न विचारता कंबर दाबणारे सर (आपल्याकडे धपाटा घालून आसन सुधारणारे काही कमी नाहीत) यात ती गोठूनच जाईल. तिला दार दिसेल अशी जागा द्या, डोळे उघडे चालतील म्हणा, हात लावूच नका. आणि गळा दाबला गेला असेल तर आधी डॉक्टर, बाहेरून वळ नसला तरी, कारण मानेच्या रक्तवाहिनीला इजा असेल तर काही दिवसांनीही स्ट्रोक येऊ शकतो. अशा वेळी सर्वांगासन, हलासन बिलकुल नाही, आणि श्वास रोखून धरायचं कुंभकही नको, गळा दाबल्याची तीच आठवण अंगावर येते.

राहिलं कोर्ट. उशीर होतो, मान्य, कायद्यात 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न करा म्हटलंय आणि प्रत्यक्षात बरेचदा खूप लांबतं. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम 23 खाली अंतरिम आदेश मागता येतो, राहत्या घरात राहायचा हक्क आहे, आणि घटस्फोट न घेताही संरक्षण आदेश मिळतो, म्हणजे ‘संसार मोडतो’ हेही धड खरं नाही. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महिला हेल्पलाइन 181, जिवावर बेतलं तर 112. तो मोबाइल तपासत असेल तर 181 ला शेजारणीच्या फोनवरून लावा.