धुराची गाडी, बुधवारचा ड्रम आणि माझी एक चूक

त्रस्त करदाते, नमस्कार.

‘एक त्रस्त करदाता’ या नावावरून तुम्ही काका की काकू ते कळत नाही, तेव्हा नुसतं ‘तुम्ही’ म्हणते. तुम्ही माझ्या रविवारच्या पोस्टमधल्या सूचनांखाली लिहिलेलं इतरांच्या नजरेतून सुटलं असेल, म्हणून आधी ते थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की गणपतीतल्या कार्यक्रमांना, रक्तदान शिबिराला आणि ढोल-ताशा पथकाच्या सरावाच्या वेळांना मी ऐसपैस जागा दिली, पण डास मारायला धुराची गाडी कधी येणार ते सांगितलं नाही. उलट डेंगीचं खापर लोकांच्या कुंड्यांवर फोडलं. ‘ड्रम रिकामे करा’ हा सल्ला चोवीस तास पाणी असलेल्यांनी द्यायचा आणि दिवसाआड पाणी येणाऱ्यांनी ऐकायचा. तुमच्या गल्लीत घरटी ताप आहे आणि मी ‘मोजके रुग्ण’ लिहिलं. घरात येऊन बाटल्या-बादल्या बघणाऱ्यांना तुम्ही दार उघडणार नाही. आणि शेवटी, ‘महापालिकेनं तुम्हाला वकीलपत्र दिलंय का?’

वकीलपत्र नाही, फीसुद्धा नाही. बाकीच्याचं उत्तर लांबणार आहे, कारण त्यातल्या एका मुद्द्यावर तुम्ही पूर्ण बरोबर आहात आणि एका मुद्द्यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे.

भांडण आधी. धुराची गाडी आली की आपल्याकडे काय होतं? पोरं मागे धावतात, मोठी माणसं भराभर खिडक्या लावून घेतात आणि दहा मिनिटांनी काहीतरी झालं असं सगळ्यांना वाटतं. धुराबरोबर कीटकनाशकाचे बारीक थेंब हवेत जातात. त्या वेळी जो डास उडत असेल आणि ज्याच्या अंगाला ते लागतील, तो मरतो. पाण्यातल्या अंड्याला, अळीला, कोषाला त्याचं काही नाही. ती आठवड्याभरात पंख फुटून बाहेर येतात. डेंगी पसरवणारी एडिस इजिप्ती जातीची मादी तर त्या वेळी बहुधा रस्त्यावर नसतेच. ती घरात असते. पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीला टांगलेल्या शर्टाच्या बाहीत. आणि आपण खिडक्या लावून तिचा जीव वाचवलेला असतो.

तुम्ही लिहिलंत की रात्री डासांनी झोप लागत नाही. खरं आहे, आमच्याकडेही तेच. पण रात्री कानाशी गुणगुणणारे ते डास बहुतेक क्युलेक्स. मुठा नदीत जलपर्णी माजली, नाला तुंबला की ते वाढतात, कारण त्यांना घाण पाणी चालतं. त्यांच्याबद्दलची तुमची तक्रार रास्तच आहे. मात्र ते डेंगी देत नाहीत. डेंगीची मादी दिवसा चावते, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त, आणि बऱ्याचदा घोट्यापाशी. तिच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तिला आपल्या घरातलं स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं, आणि जन्मली तिथून ती फार लांब जात नाही, शंभर-दोनशे मीटर म्हणजे खूप झालं. तेव्हा चावणारी मादी आपल्याच घरची असते, नाहीतर शेजारची.

धूर अगदीच कुचकामी आहे असंही मी म्हणणार नाही. एखाद्या गल्लीत चार-पाच जण तापाने पडले, तर विषाणू अंगात घेऊन फिरणाऱ्या माद्या तिथे आधीच आहेत. त्यांना लगेच मारायला हवं. त्यासाठी रुग्णाच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत आतून फवारणी आणि बाहेर धूर, असं करतात. तुमच्या गल्लीत घरटी ताप असेल तर ही मागणी जरूर करा, लेखी करा, अर्जावर पोच घ्या. माझं भांडण आहे ते ‘गाडी आली, आता निर्धास्त’ या समजुतीशी.

कुंड्यांचं म्हणाल तर ते बोट मी आधी माझ्याकडेच वळवलं होतं. आमच्या गॅलरीत कुंडीखालच्या बशीत आणि फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये अळ्या सापडल्या आहेत, मनीप्लँटच्या बाटलीत तर दोनदा. राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. २०२४ च्या जूनमध्ये तोच आजार पुण्यातल्या एरंडवण्यात निघाला. झिका पसरवणारा डासही हाच. एरंडवण्यात ड्रमांच्या रांगा कमी आणि गॅलरीतल्या बागा जास्त, तरीही निघालाच.

आता ड्रम. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत.

तुमची प्रतिक्रिया डोक्यात होती म्हणून बुधवारी संध्याकाळी मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंबरोबर त्यांच्या घरी गेले. दारात दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम. झाकणं होती, पण नळाची नळी आत सोडलेली असल्याने एकही नीट बसत नव्हतं. बुधवार असल्यामुळे भरून घ्यायची घाई. दुरुस्तीच्या कामांसाठी गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने, ही बातमी पुणेकरांना पाठ आहे, आणि त्यामुळे अर्धं शहर बुधवारी दिसेल ते भांडं भरून ठेवतं. मी माझं वाक्य म्हणून दाखवलं, ‘आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करायचा.’ ताई म्हणाल्या, ‘रिकामा करून ते पाणी ओतू कुठं? आणि घासायला परत पाणी लागतं, ते कुठनं आणू?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नळाला चोवीस तास पाणी असताना ‘कोरडा दिवस पाळा’, म्हणजे आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, असं म्हणणं सोपं असतं, हे तुमचं म्हणणं मला त्या दारात कळलं.

त्याहून वाईट म्हणजे सल्ला गैरसोयीचा होता एवढंच नाही, तो अर्धवटही होता. ही मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. नुसता ड्रम उपडा केला तर अंडी तिथेच राहतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं, ती बुडाली, की फुटतात आणि अळ्या बाहेर पडतात. आणि आपण करतो काय? तळाशी उरलेल्या पाण्यावर नवं पाणी ओततो. म्हणजे दर दोन दिवसांनी आपणच त्यांना हवं ते देतो. म्हणून रिकामा करण्यापेक्षा घासणं महत्त्वाचं. आतली भिंत काथ्याने नाहीतर ब्रशने खरवडून काढायची.

मग ताईंच्या दारातच आम्ही हिशोब केला. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळे घासणं आठवड्यातून एकदा पुरतं, रोज नको. दिवस कोणता? ड्रम जेव्हा आपसूक तळाला गेलेला असतो तो. गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी पाणी यायच्या आधी तळाशी दोन-तीन तांबे उरतात. त्यातच घासायचं आणि ते पाणी जमिनीवर किंवा झाडाला ओतायचं, गटारात नको. गटाराच्या पाण्यात काही अळ्या जगू शकतात, मातीवर वाळून मरतात. भरलेलं पाणी फेकावं लागतच नाही. आणि झाकण बसत नसेल तर जुन्या सुती साडीचा तुकडा तोंडावर ताणून रबराने किंवा नाडीने घट्ट बांधायचा. नळी त्याच्यावर ठेवली तरी पाणी गाळून आत जातं. कापड मात्र मध्ये झोळीसारखं लोंबू द्यायचं नाही, नाहीतर त्या झोळीतच तळं साचतं. ताईंच्या शेजारणीने हे सगळं ऐकून विचारलं, ‘हे आधी का नाही लिहिलं?’ बरोबर विचारलं.

वापरायच्या पाण्याची मोठी टाकी घासताच येत नसेल, तर अळ्या मारणारं औषध किंवा गप्पी मासे आरोग्य खात्याकडे मागता येतात. दोन्हींनी काम होतं. पिण्याच्या पाण्यात स्वतःच्या मनाने काही टाकू नका, एवढं सांभाळा.

आकड्यांचा मुद्दा. ‘मोजके रुग्ण’ हे शब्द मी मागे घेते. आकडा देताना तो कसला ते सांगायला हवं होतं. दवाखान्यात पंधरा मिनिटांत होणारी कार्ड चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली तरी सरकारी नोंदीत तो रुग्ण ‘संशयित’ राहतो. प्रयोगशाळेतल्या एलायझा या रक्तचाचणीत ‘पॉझिटिव्ह’ आला तरच ‘निश्चित’. मी निश्चित रुग्णांचा आकडा घेतला आणि संशयितांचा सोडून दिला. तुमच्या गल्लीतले बहुतेक जण त्या सुटलेल्या रकान्यात असणार. शिवाय चाचणीची वेळ चुकली तरी घोळ होतो. रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस-१ चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम. सहाव्या-सातव्या दिवशी नुसती एनएस-१ करून ‘निगेटिव्ह, म्हणजे डेंगी नाही’ असं धरून चालणारे मी बरेच पाहिले आहेत.

बिल्डरबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, मी लिहिते. नव्या स्लॅबवर सिमेंट-वाळूची आळी करून त्यात कित्येक दिवस पाणी साठवतात. आळीत अळी, अशी ती गंमत. तेच मांडवाचं. ताडपत्री ढिली बांधली की पहिल्याच पावसात वर बादलीभर पाणी तोलून धरते. मंडळाच्या पोरांना हे सांगितलं तर ती ऐकतात, माझा अनुभव आहे. कार्यक्रमांची यादी आणि डेंगी एकाच पोस्टमध्ये येतात त्याचं एक कारण हे.

रक्तदान शिबिराचं कारण वेगळं. डेंगीत रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स कमी होतात, आणि रक्तदानातून मिळालेल्या प्लेटलेट्स फार तर पाच दिवस टिकतात. उन्हाळ्यातल्या रक्तदानाच्या प्लेटलेट्स ऑगस्टमध्ये मिळणार नाहीत. हंगामातच दाते लागतात. आता, प्लेटलेट्स कमी झालेल्या प्रत्येकाला त्या चढवाव्या लागत नाहीत. आकडा दहा हजारांच्या खाली गेला किंवा रक्तस्राव सुरू झाला तर डॉक्टर तो विचार करतात. पपईच्या पानांच्या रसाच्या भरवशावर मात्र कुणाला घरी ठेवू नका.

दार न उघडण्याबद्दल. पुण्यात घरात शिरून तपासणी म्हटलं की १८९७ ची प्लेगची साथ आठवते, गोरे सोजीर आठवतात, चापेकरांनी रँडवर गोळी झाडली तो गणेशखिंडीचा रस्ता आठवतो. तो राग साठवून ठेवण्यासारखाच होता. पण बॅटरी घेऊन आपल्या फ्रिजमागे वाकून बघणाऱ्या मुलीवर तो काढू नका. तिचं ओळखपत्र बघा आणि मग ट्रे ओढून दाखवा.

आता तुम्ही पकडली नाहीत ती चूक. रविवारच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, ‘ताप उतरला की काळजीचं कारण नाही.’ हे साफ चुकीचं आहे, आणि बाकी सगळ्या चुकांपेक्षा मोठं. डेंगीत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी उतरतो आणि धोका तेव्हाच सुरू होऊ शकतो, पुढचे एक-दोन दिवस. रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपायला लागतो, वरून माणूस बरा दिसत असतो. तेव्हा पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळं शौच, लघवी कमी होणं, खूप गळून जाणं किंवा बेचैनी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. तापाला पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. अधूनमधून पाणी, पेज, सरबत, नारळपाणी देत राहायचं. ते वाक्य मी काल रात्री काढलं आणि तिथे दुरुस्तीची तारीख घातली. पोस्ट पुढे पाठवलेल्यांनी कृपया दुरुस्तीही पाठवावी.

तुमच्याकडे पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता येतं ते मला कळवा. गुरुवारचा हिशोब तुम्हाला लागू पडत नसेल तर तुमच्या गल्लीपुरता घासायचा दिवस वेगळा लिहीन. आणि हो, धुराची गाडी कधी येणार ते आधी समजलं तर तेही देईन. मात्र ती आली की पाणी आणि जेवण झाकून ठेवा, दम्याच्या माणसाला थोडा वेळ दुसरीकडे पाठवा, आणि खिडक्या उघड्या ठेवा.