खड्ड्याचा फोटो टाकला म्हणजे तक्रार झाली असे नाही

रस्त्यात पडलेला खड्डा, गटाराचे तुटलेले झाकण किंवा रात्रीतून कोणीतरी आणून ओतलेला राडारोडा दिसला की आपल्यापैकी बहुतेक जण आता एकच गोष्ट करतात. मोबाइल काढून फोटो घेतात आणि रागाच्या दोन ओळी लिहून तो समाजमाध्यमावर टाकतात. त्या रागाबद्दल मला आदर आहे आणि तो खराही असतो. परंतु अशा तक्रारींचा पाठपुरावा करता करता माझे मत पक्के झाले आहे की, ज्या यंत्रणेच्या ताब्यात तो रस्ता आहे तिच्या दप्तरी नोंद झाल्याशिवाय त्या फोटोला फारसे वजन येत नाही. कितीही लोकांनी हळहळ व्यक्त केली तरी कार्यालयाच्या लेखी तो खड्डा अस्तित्वातच नसतो, आणि उद्या तिथे कोणी पडून जायबंदी झाले तर ‘आम्हाला याची कल्पना नव्हती’ हे उत्तर तयार असते. हे उत्तर देण्याची सोय उरू नये, यासाठी लेखी तक्रार करायची असते.

कायद्यानेही ही गोष्ट अनेक ठिकाणी मान्य केलेली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1980 च्या हायवेज ॲक्टनुसार रस्ता सांभाळणाऱ्या प्रशासनाला ‘आम्ही वाजवी काळजी घेतली होती’ असा बचाव करता येतो. मात्र तो तपासताना न्यायालय इतर बाबींबरोबर हेही पाहते की, तो धोका प्रशासनाला माहीत होता का, किंवा माहीत असणे अपेक्षित होते का. न्यूयॉर्क शहराने 1979 मध्ये याहून कडक कायदा केला. रस्त्यातील वा पदपथावरील दोषामुळे इजा झालेल्या माणसाला, त्या दोषाची लेखी सूचना शहर प्रशासनाला आधीच मिळालेली होती आणि त्यानंतर पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नव्हती, हे सहसा दाखवावे लागते. अन्यथा भरपाईचा दावा टिकत नाही. सामान्य पादचारी अशी सूचना कुठून देणार? म्हणून तेथील वकिलांच्या संघटनेने पुढच्याच काही वर्षांत एक संस्था उभी केली, माणसे लावून पदपथ तपासून घेतले आणि भेगा, उंचवटे, खड्डे निरनिराळ्या चिन्हांनी दाखवणारे नकाशे प्रशासनाकडे रीतसर दाखल केले. ते नकाशे हीच लेखी सूचना ठरली.

या गोष्टीचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 2008 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने याच नकाशांविषयी निर्णय देताना म्हटले की, नकाशावरचे चिन्ह एका प्रकारच्या दोषाचे आणि प्रत्यक्ष जागेवरचा दोष दुसऱ्याच प्रकारचा असेल, तर प्रशासनाला त्या दोषाची सूचना मिळाली होती असे मानता येणार नाही. म्हणजे तक्रार केली एवढे पुरत नाही. ती नेमकी कशाची केली, यावर सगळे अवलंबून असते. ‘आमच्या भागातील रस्त्यांची दुरवस्था झाली आहे’ हे वाक्य कितीही खरे असले तरी ते वाचून कोणताही कर्मचारी कोणत्याही ठिकाणी जाऊ शकत नाही, आणि उद्या वाद निर्माण झाला तर त्या वाक्यावरून काही सिद्धही करता येत नाही.

तेव्हा तक्रार लिहिताना समोर असा माणूस आणावा ज्याने ती जागा कधी पाहिलेली नाही, ज्याच्याकडे दिवसभरात पाहायच्या अशा अनेक जागा आहेत आणि ज्याला तिथे पोहोचल्यावर कोणाला काही विचारावे लागू नये. रस्त्याचे नाव, कोणत्या दिशेने जाणारी बाजू, जवळची न हलणारी खूण आणि शक्य असेल तर दिव्याच्या खांबावरचा क्रमांक, एवढे लिहिले की अर्धे काम होते. मोबाइलवरच्या नकाशातून अक्षांश-रेखांश देणार असाल तर दशांश चिन्हानंतरचे किमान पाच आकडे द्यावेत; पाचव्या आकड्यापर्यंत गेल्यावर अक्षांशाची जागा साधारण एक मीटरपर्यंत ठरते, तर तिसऱ्यावरच थांबलात तर शंभर मीटरचा फरक पडू शकतो. उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत मोबाइल स्वतःच चुकीची जागा दाखवतो, म्हणून आकड्यांच्या जोडीला शब्दांतले वर्णन हवेच. फोटो दोन असावेत. एक लांबून, ज्यात आजूबाजूची इमारत किंवा चौक ओळखू येईल, आणि एक जवळून, ज्यात खोलीचा अंदाज येईल. मेसेजिंग ॲपवरून फिरून आलेल्या फोटोमधून स्थानाची माहिती बहुधा गळून गेलेली असते. त्यामुळे असा फोटो जोडून ‘जागा फोटोतच आहे’ असे गृहीत धरू नये.

खोलीला महत्त्व एवढ्यासाठी की, दुरुस्तीचा निर्णय बऱ्याचदा मापावर होतो. ब्रिटनमधील अनेक स्थानिक प्रशासनांनी रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी सुमारे 40 मिलिमीटर खोलीचा निकष वापरलेला आहे, आणि पदपथासाठी त्याहून बराच कमी. वाहत्या रस्त्यात उतरून पट्टी लावून माप घ्यावे असे मी मुळीच म्हणणार नाही. बाजूने पाहून केलेला अंदाज पुरेसा असतो. मात्र खड्डा चाकांच्या मार्गात आहे की कडेला, वळणावर आहे की उतारावर, दुचाकीस्वाराला तो चुकवताना मागून येणाऱ्या वाहनासमोर जावे लागते का, पाणी साचल्यावर तो दिसेनासा होतो का, या गोष्टी जरूर लिहाव्यात. सरळ, उजेडाच्या रस्त्याच्या कडेचा मोठा खड्डा जितका घातक नसतो, तितका वळणावरचा अंधारातला छोटा खड्डा घातक असू शकतो, आणि हे तिथून रोज जाणाऱ्यालाच माहीत असते.

रस्ता नेमका कोणाचा, ही सर्वांत त्रासदायक बाब. एकाच रस्त्यावर डांबर एका यंत्रणेचे, खालची जलवाहिनी दुसऱ्या विभागाची, दूरध्वनीच्या तारांचे चेंबर तिसऱ्या कंपनीचे आणि कडेची मोकळी जागा खासगी मालकाची, असा प्रकार जगभर आढळतो. आमच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर एक झाकण खचून बाजूच्या डांबराखाली दोन बोटे गेले होते आणि प्रत्येक चाकासरशी खडखडत होते. ज्या कार्यालयाकडे तक्रार गेली, त्याने ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही’ एवढेच कळवून ती बंद केली. जवळ जाऊन पाहिले तेव्हा धूळ आणि डांबराच्या लेपाखाली ओतीव लोखंडावर मालक यंत्रणेची आद्याक्षरे स्पष्ट उठलेली होती, शेजारी झाकणाच्या वजनक्षमतेची खूणही होती. त्या अक्षरांचा फोटो जोडून दुसरी तक्रार केल्यावर टोलवाटोलवीला जागाच राहिली नाही. झाकण बसवणारा आपले नाव त्यावर ओततो ते याच उपयोगासाठी, म्हणून चेंबरची तक्रार करताना ती अक्षरे आधी वाचावीत. अर्थात, तक्रार योग्य विभागाकडे वळती करणे हे मुळात त्या कार्यालयाचे काम आहे आणि नागरिकाने ही शोधाशोध करावी लागणे मला अजिबात मान्य नाही.

एक भेद मात्र काटेकोरपणे पाळला पाहिजे. उघडे पडलेले मॅनहोल, लोंबकळणारी वीजवाहिनी, रस्त्यावर सांडलेले तेल किंवा अज्ञात रसायन, एकाएकी खचलेला रस्ता, ही संकेतस्थळावरचा अर्ज भरून वाट पाहण्याची प्रकरणे नव्हेत. तिथे थेट आपत्कालीन दूरध्वनी करावा आणि लेखी नोंद नंतर करावी. याउलट बारीक भेगांसाठी कोणीच तक्रार करत नाही, आणि खरे तर तीच वेळ योग्य असते. भेगेतून पाणी खाली उतरते, खालचा थर मऊ पडतो, जड चाक वरून गेले की ते पाणी दाबाने बाहेर येताना बारीक माती आणि खडी घेऊन येते, आत पोकळी होते आणि एके दिवशी वरचे डांबर खाली बसते. थंड प्रदेशात हेच पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगते आणि भेग आतून रुंदावते. खड्डा दिसू लागतो तोवर खालचा रस्ता बराचसा खिळखिळा झालेला असतो, म्हणूनच नुसते वरून डांबर ओतून बुजवलेला खड्डा थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच जागी उघडतो. असा पुन्हा उघडलेला खड्डा नोंदवताना आधीच्या तक्रारीचा क्रमांक अवश्य द्यावा, कारण त्याशिवाय निकृष्ट दुरुस्तीचा इतिहास कागदावर येतच नाही.

बेकायदा टाकलेल्या कचऱ्याविषयी अधिक सावधपणे बोलावे लागते, कारण खड्डा आपोआप पडतो आणि हा कचरा कोणीतरी जाणूनबुजून टाकलेला असतो. बांधकामाचा राडारोडा, जुने टायर, रंगाचे आणि रसायनांचे डबे यांची रीतसर विल्हेवाट लावायला पैसे लागतात. ते वाचवण्यासाठी कोणीतरी रात्री गाडी उलटी करतो आणि तो खर्च सगळ्यांच्या माथी मारतो. हे मला चोरीपेक्षा वेगळे वाटत नाही. शिवाय एकदा ढीग पडला आणि तो उचलला गेला नाही, तर ती जागा कचरा टाकण्याचीच आहे असे पुढच्याला वाटू लागते, म्हणून पहिला ढीग पहिल्या काही दिवसांत नोंदवणे आणि उचलणे याला पर्याय नाही.

अशा ढिगाची तक्रार करताना काय काय पडले आहे, अंदाजे किती आहे, ते नाल्यात किंवा पाण्याच्या वाटेत आहे का, हे लिहावे. पण त्याला हात लावू नये, पिशव्या उघडू नयेत आणि स्वतः साफसफाई सुरू करू नये. जुन्या छपरांचे राखाडी नागमोडी पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते तुटले की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात आणि त्यांच्यामुळे होणारे फुप्फुसांचे आजार व कर्करोग कित्येक दशकांनी डोके वर काढतात. टायरच्या पोकळीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होते, आणि टायरच्या ढिगाला आग लागली तर ती विझवणे अतिशय अवघड जाते. ढीग न ढवळण्याचे दुसरेही कारण आहे. त्यातच पुष्कळदा टाकणाऱ्याचा माग असतो: एखादे पाकीट, मालाच्या खोक्यावरचा पत्ता, पावती. तपास करणाऱ्या कर्मचाऱ्याने ते जागेवर शोधून नोंदवले तर तो पुरावा ठरतो. आपण उचलून आणले तर त्याचे मोल कमी होते. कोणी कचरा टाकताना दिसलाच तर त्याच्याशी हुज्जत घालू नये आणि त्याच्यासमोर मोबाइलही रोखू नये. वाहनाचा क्रमांक, रंग, वेळ आणि दिशा सुरक्षित अंतरावरून लक्षात ठेवून लगेच लिहून काढावी. आणि कृपा करून ते सर्व समाजमाध्यमावर जाहीर करू नये, कारण अंदाज चुकला तर एका निरपराध माणसाची बदनामी होते आणि अंदाज बरोबर असला तर दोषी माणूस आधीच सावध होतो.

इथपर्यंत नागरिकाच्या कर्तव्याबद्दल लिहिले, आता कार्यालयाच्या कर्तव्याबद्दल. तक्रारीसाठी एकच सोपा क्रमांक असावा ही कल्पना काही नवी राहिलेली नाही. अमेरिकेत बाल्टिमोरने 1996 मध्ये आपत्कालीन क्रमांकावरचा ताण कमी करण्यासाठी 311 हा क्रमांक सुरू केला आणि न्यूयॉर्कने 2003 मध्ये. ब्रिटनमध्ये 2007 पासून चालणाऱ्या फिक्समायस्ट्रीट या संकेतस्थळाने आणखी पुढचे पाऊल टाकले: तिथे तक्रार योग्य प्रशासनाकडे जाते आणि त्याच वेळी नकाशावर सर्वांना दिसते, त्यामुळे शेजाऱ्याने ती आधीच केली आहे का हे कळते आणि ती किती काळ पडून आहे हेही लपत नाही. मला हा खुलेपणाच सर्वांत मोलाचा वाटतो. जिथे तक्रार फक्त तक्रारदार आणि कार्यालय यांच्यात राहते, तिथे ती जागेवर न जाताच ‘निकाली’ काढण्याचा मोह होतो, आणि निकाली काढलेल्या तक्रारींची टक्केवारी हेच कामाचे माप ठरले की तो मोह अधिकच वाढतो. दुरुस्तीनंतरचा, त्याच कोनातून घेतलेला फोटो जोडल्याशिवाय कोणतीही तक्रार बंद करता येऊ नये आणि ती बंद झाल्यावर पुन्हा उघडण्याचा अधिकार तक्रारदाराला असावा, ही माझी मागणी आहे.

त्याचबरोबर केवळ तक्रारींच्या भरवशावर रस्ते सांभाळता येत नाहीत. बोस्टन शहराने गाडीत ठेवलेल्या स्मार्टफोनला बसणाऱ्या धक्क्यांवरून खड्डे शोधणारे स्ट्रीट बम्प नावाचे ॲप आणले, तेव्हा अभ्यासकांनी दाखवून दिले की ज्या वस्त्यांत स्मार्टफोन कमी, तिथले खड्डेही कमी नोंदले जाण्याचा धोका आहे. तक्रारींचेही असेच होते. ज्यांना अर्ज भरायला वेळ आहे, लिहिण्याची सवय आहे आणि आपले ऐकले जाईल असा विश्वास आहे, त्यांच्याच रस्त्यांची नोंद होते. ज्या वस्तीतून एकही तक्रार आली नाही तिथे सर्व ठीक आहे, असा निष्कर्ष कोणत्याही अभियंत्याने काढू नये. अशा वस्तीत त्याने स्वतः ठरावीक काळाने फिरून पाहिले पाहिजे. आणि आपल्यापैकी ज्यांना लिहिता येते, त्यांनी आपल्या घरासमोरच्या खड्ड्याबरोबरच वाटेत लागणाऱ्या त्या दुसऱ्या वस्तीतल्या उघड्या चेंबरचीही तक्रार दाखल करावी, मग तिथे आपले कोणी राहत असो वा नसो. त्यासाठी तिथले रहिवासी असण्याची अट सहसा कुठेच नसते.